फॉरमॅट नको मारू भो

परवा तिसऱ्या माणसाने फोन करून विचारलं, की तुमचा तो कॉम्प्युटर सुरू होता होताच आपटायचा त्याचं तुम्ही नेमकं काय केलं, म्हणून म्हणलं आता एकदाचं लिहूनच टाकतो, चौथ्याला हेच पाठवून देईन. मी काही इंजिनियर वगैरे नाही, पतसंस्थेत कॅशियर आहे. जे केलं ते भीतीपोटी केलं.

आमचं घर अमळनेरला. १९४५ साली जिथे विप्रो वनस्पती तुपाच्या धंद्यात सुरू झाली तेच गाव, पुढे तीच कंपनी कॉम्प्युटरमध्ये गेली आणि गावात ज्यांच्या ट्रंकेत जुने शेअर निघाले ते कुठल्या कुठे गेले. आमच्या आजोबांनी शेअर न घेता त्या पैशात बैलजोडी घेतली असं नाना सांगतात. जाऊ द्या. आमच्या वाट्याला आला तो २०१३ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप, ज्याला आई 'डबा' म्हणते.

हा डबा खरा नानांचा. नाना म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक होते, रिटायर झाल्यापासून अहिराणी ओव्या, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, कानबाई या आमच्याकडच्या देवीची गाणी, म्हणी, जुने शब्द असं काय काय गोळा करत असतात. मोबाईल घेऊन कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसायचं, म्हातारीला गायला लावायचं, घरी येऊन ते कॉम्प्युटरवर टाकायचं आणि मग ऐकत ऐकत टाइप करायचं. सहाशेच्या वर रेकॉर्डिंग झालीत. त्यातली शंभरेक एकट्या जिजीची आहेत, जिजी म्हणजे नानांची आत्या, ती गेल्या वर्षी गेली. बॅकअप? कसला बॅकअप. मी स्वतः कॅशच्या पेटीला दोन कुलपं लावणारा माणूस, पण घरातल्या या पेटीला एकही नाही.

यंदा आखाजीला आम्ही सगळे पारोळ्याकडे गावी गेलो, बारा दिवस राहिलो. नानांचा नियम असा की रात्री झोपताना सुद्धा कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद पाहिजे, गावाला जाताना तर घराचा मेन स्विचच पाडायचा. हे बटणाचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात, नानांचा फोन. "लवकर ये रे भाऊ, डबा निळा व्हई गया."

घरी येऊन बघतो तर विंडोजचं चिन्ह येतंय, खाली ठिपके गोल फिरतायत, आणि दहा-पंधरा सेकंदात निळा पडदा, त्यावर तो रडका चेहरा. मग आपोआप रिस्टार्ट. परत तेच. मी बटणाशी पाच-सहा वेळा खेळून बघितलं, म्हणजे जे करू नये तेच. एक गोष्ट मात्र बरी केली, निळ्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. खाली बारीक अक्षरात स्टॉप कोड लिहिलेला असतो, माझ्याकडे होतं 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. म्हणजे साध्या भाषेत, ज्या डिस्कवरून विंडोज सुरू व्हायचं ती डिस्कच विंडोजला अर्ध्या वाटेत सापडेनाशी झाली. तेव्हा हे कळलं नव्हतं, तेव्हा फक्त पोटात गोळा आला होता.

ओळखीचा एक पोरगा आहे, घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला बोलावलं. त्याने येऊन दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकायचं. पाचशे रुपये, तासाभराचं काम. वर म्हणे तसंही विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, आणि घाबरू नका, डी ड्राइव्हमधलं काहीच जात नाही. नाना खुर्चीत बसलेले, त्यांनी हळूच विचारलं, "आणि डेस्कटॉपवरचं?"

इथे तो पोरगा गप्प झाला, आणि मीही.

कारण डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, ही सगळी मंडळी सी मध्ये यूजर्सच्या फोल्डरात राहतात, आणि आपल्याकडे दहातले नऊ जण सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात कारण उघडल्या उघडल्या समोर दिसतं. नानांचं पण तसंच होतं, डी ड्राइव्हमध्ये काय तर २०१५ चा सत्यनारायण आणि माझ्या लग्नाची सीडी. मी त्या पोराला चहा पाजला आणि म्हणलं फॉरमॅट नको मारू भो, मला दोन दिवस दे. तो पोरगा वाईट नाही हं. फॉरमॅट मारला की मशीन चालू होणार हे त्याला माहितीये, आणि नेमकं काय बिघडलंय हे शोधत बसण्याचे पैसे त्याला आपण कोणीच देत नाही. जे विकत घेतो तेच मिळतं.

त्या रात्री गरमी अशी की पंखा गरम हवा फेकत होता, बाहेर ओट्यावर झोपायचं सोडून मी डब्यासमोर. दोन-तीनदा विंडोज सुरू होता होता आपटलं की ते स्वतःच 'ऑटोमॅटिक रिपेअर'चा पडदा दाखवतं. तिथलं स्टार्टअप रिपेअर चालवलं, बराच वेळ विचार करून म्हणालं मला काही जमलं नाही. त्याच ठिकाणी अजून एक पर्याय असतो, 'रिसेट धिस पीसी', त्यात 'कीप माय फाइल्स' आणि त्याच्या बरोब्बर खाली 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. रात्री साडेअकरा वाजता झोपेच्या तारेत असलेल्या माणसासमोर हे दोन पर्याय एकाखाली एक ठेवणाऱ्याला माझा दंडवत. कीप माय फाइल्सने आपल्या फाइली राहतात पण टाकलेली सॉफ्टवेअर सगळी जातात. मी तिकडे बोटच नेलं नाही.

त्याऐवजी तिथल्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये गेलो आणि 'नोटपॅड' टाइप केलं. ही युक्ती मला ऑफिसातल्या एकाने कधीतरी सांगितली होती आणि तेव्हा खोटी वाटली होती. नोटपॅड उघडतं, त्यात फाइल मेनूतून ओपन करायचं, खाली 'ऑल फाइल्स' निवडायचं, आणि ती छोटी खिडकी म्हणजे फाइली बघायचा आपला साधा एक्सप्लोररच झाली. तिथे ड्राइव्हची अक्षरं इकडची तिकडे झालेली असतात, आपला सी कदाचित डी म्हणून दिसतो, त्यामुळे पहिल्यांदा उघडल्यावर सत्यनारायणच दिसला आणि काळजाचा ठोका चुकला. मग दुसरं अक्षर उघडलं, यूजर्स, नाना, डेस्कटॉप, आणि समोर 'जिजी' नावाचं पिवळं फोल्डर. पेनड्राइव्ह लावला, राइट क्लिक, कॉपी, पेस्ट. पडदा मढ्यासारखा गप्प, किती झालं किती राहिलं काही दाखवत नाही, पण झालं. रात्री पावणेएकला जिजी पेनड्राइव्हमध्ये आली.

नाना जागेच होते. "गये का रे बठ्ठं?" सगळं गेलं का, विचारत होते. म्हणलं नाही नाना, आहे, झोपा.

दुसऱ्या दिवशी बाकीचं सगळं काढायचं होतं, एकशे ऐंशी जीबी. त्यासाठी नोटपॅडचा खेळ परवडत नाही. ऑफिसातल्या मित्राच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) डाउनलोड केलं, रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर वापरून ते आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवलं (जिजीवाला पेनड्राइव्ह नव्हे, दुसरा! रूफस पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसतं, हे लक्षात न ठेवल्याने किती जणांनी बॅकअपच पुसलाय देव जाणे). मग कॉम्प्युटर चालू करताना बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडायचा, काही मदरबोर्डांवर (कॉम्प्युटरच्या आतली मुख्य पाटी) एफ१२ असतं, काहींवर एफ११ किंवा एफ८. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं, हार्डडिस्कला हात लावत नाही, फक्त डेस्कटॉपवर जे 'इन्स्टॉल'चं चिन्ह असतं त्यावर चुकूनही डबल क्लिक करून पुढे-पुढे करत जायचं नाही.

आणि गंमत म्हणजे विंडोजला जी डिस्क सापडत नव्हती ती लिनक्सला पहिल्या झटक्यात दिसली. इथेच खरं तर माझं डोकं चालायला पाहिजे होतं, की डिस्क जिवंत आहे म्हणजे आजार दुसरीकडे आहे. चाललं नाही. मला नुसतं बरं वाटलं. ड्राइव्ह 'रीड ओन्ली' उघडतोय असं काहीतरी म्हणत होतं, ते विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे होतं, विंडोज नीट बंद न होता अर्धवट झोपलेलं असतं. आपल्याला फक्त वाचूनच घ्यायचंय, तेव्हा उलट बरंच की, चुकून काही लिहिलं जायची भीती नाही.

डिस्कची तब्येत बघायला मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्यात स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, दिसते. लिहून आलं, डिस्क ठीक आहे, आठ बॅड सेक्टर (डिस्कचे खराब झालेले बारीक तुकडे). म्हणजे म्हातारपण सुरू झालंय पण खाटेवर नाही. आधी कॉपी आणि मग बाकीचे उपचार, असं का म्हणतात ते इथे कळतं. यूट्यूबवर जो तो आधी चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करायचं विंडोजचं साधन) चालवायला सांगतो, पण चेकडिस्क दुरुस्ती करताना डिस्कवर लिहितं, आणि पूर्ण तपासणीला लावलं तर प्रत्येक सेक्टर वाचत बसतं, डिस्क आधीच धापा टाकत असेल तर तिथेच मान टाकते.

नाना शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांना खात्री पटावी म्हणून एक ओव्यांची फाइल उघडून दाखवली, आणि पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, टिंबांचा चिवडा. नानांचा चेहरा बघवेना. "व्हायरस खाई गया," म्हणाले. मलाही मिनिटभर तसंच वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला, नाना युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत) टाइप करतच नाहीत, त्यांनी टायपिंग शिकलंय ते छापखान्यातल्या जुन्या फॉन्टवर. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त चेहरा मराठी असतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. आणि तो फॉन्ट बसलेला असतो सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या आतल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात, म्हणजे फॉरमॅट मारला असता आणि सगळ्या फाइली जरी वाचवल्या असत्या तरी दहा वर्षांचं टायपिंग असंच चिवडा होऊन समोर आलं असतं, आणि तो फॉन्ट कुठून मिळवला होता हे आता नानांनाही आठवत नाही. तो फॉन्ट आधी उचलला. ज्यांच्या घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत अजून जुन्या फॉन्टवर काम चालतं त्यांनी हे एवढं तरी आजच करा, फाइलींच्या शेजारीच फॉन्टची फाइल ठेवून द्या.

मग मूड बदलावा म्हणून जिजीची एक रेकॉर्डिंग लावली. गाणं वगैरे काही नाही, मध्येच जिजी नानांवर खेकसतेय, "आते पुरे कर, मनी भाकर करपी ऱ्हायनी." आई स्वयंपाकघरातून हसली.

कॉपी लावली बाहेरच्या हार्डडिस्कवर. जुना यूएसबी, सेकंदाला पंचवीस-तीस एमबी, म्हणजे दोनेक तास धरून चला. दीड तास झाला असेल आणि लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर नाही, इन्व्हर्टरवर पंखे आणि आईची मालिका. डबा धप्पकन बंद.

लाइट आली तासाभराने. बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळी आल्या. या ओळी मी कालपासून दोनदा बघितल्या होत्या बरं का, दोन्ही वेळा जुन्या मशीनचं रडगाणं समजून एफ२ दाबून पुढे गेलो होतो. या वेळी नीट वाचलं. सीमॉस चेकसम चुकलंय (म्हणजे बोर्डाने जपून ठेवलेल्या सेटिंगचा ताळा जुळत नाही), तारीख-वेळ सेट नाही, सेटअपमध्ये जायला एफ१ दाबा, डिफॉल्ट लोड करून पुढे जायला एफ२ दाबा.

डिफॉल्ट लोड करून.

मी नानांना विचारलं गावाहून आल्यावर पहिल्यांदा चालू केलं तेव्हा हे आलं होतं का? "हां, आलं ना, एफ२ दाब म्हणत होतं, मी दाबलं." आज्ञाधारक मास्तर. आणि मग हळूहळू बाकीचं बाहेर यायला लागलं, की दिवाळीपासून घड्याळ मागे पडायचं, पेन्शनची साइट उघडायची नाही, ब्राउजर म्हणायचं तुमचं घड्याळ मागे आहे, मग नाना रोज सकाळी हातघड्याळ बघून कॉम्प्युटरची वेळ लावायचे. मला सांगितलं का? नाही. का? "तुले काय त्रास देवाना."

एफ१ दाबून आत गेलो. तारीख १ जानेवारी २०१२. आमच्या डब्याच्या जन्माच्याही आधीची.

तर झालं होतं असं. मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, घड्याळातल्यासारखा, सीआर २०३२, म्हणजे वीस मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटरला भिंतीतून वीज मिळत असेल तर त्या सेलवर फार भार नसतो, पण बटण बंद केलं की घड्याळ आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) सेटिंग सगळ्या त्याच्याच जिवावर. आमच्याकडे रोज रात्री बटण बंद, तेरा वर्षं. आखाजीच्या बारा दिवसांत तो बिचारा पूर्ण संपला, बोर्ड सगळं विसरलं, नानांनी एफ२ दाबून डिफॉल्ट लोड केलं, आणि आमच्या या जुन्या बोर्डाच्या डिफॉल्टमध्ये साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, 'आयडीई' ही जुनी आहे. विंडोज टाकलेलं 'एएचसीआय' या नव्या मोडमध्ये. विंडोज सुरू होताना ज्या ड्रायव्हरने (दुभाषा सॉफ्टवेअर) डिस्कशी बोलायला जातं तो एएचसीआयचा, समोर डिस्क उभी आयडीईचं सोंग घेऊन, ओळखच पटेना, म्हणून निळा पडदा. लिनक्सला दोन्ही भाषा येतात म्हणून त्याचं अडलं नाही. एवढंच. करप्ट वगैरे काही नव्हतं.

साटा मोडच्या ओळीवर जाऊन बोट शिवशिवत होतं, पण हात आवरला. आधी कॉपी पूर्ण. मिंटमध्ये 'आरसिंक' नावाची कमांड आहे, ती झालेलं सोडून फक्त राहिलेलं कॉपी करते, ती लावून झोपलो. सकाळी दोन-चार मोठ्या फाइली बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघितल्या, फोल्डरचे आकडे जुळवले, कॅशियरची सवय आहे, टॅली झाल्याशिवाय घरी जात नाही. मगच बायोसमध्ये जाऊन आयडीईचं एएचसीआय केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं.

ठिपके फिरले. फिरले. आणि नानांचं डेस्कटॉप, त्यावर कानबाईचा फोटो.

आता ज्यांचा लॅपटॉप नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. असलाच प्रकार नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्क हाताळायच्या 'व्हीएमडी' नावाच्या सेटिंगमुळे होतो, बायोस रिसेट झाला किंवा अपडेट झाला की ते चालूचं बंद किंवा बंदचं चालू होतं आणि हाच निळा पडदा येतो. आणि विंडोज ११ मध्ये बऱ्याचदा आपल्याला न विचारता डिस्कला कुलूप लागलेलं असतं, बिटलॉकर, मग लिनक्सने उघडायला गेलात किंवा बायोसमध्ये काही बदललंत तर ४८ आकडी की मागतं. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, अकाउंट कोणत्या ईमेलने उघडलं होतं ते फक्त आठवलं पाहिजे. भाच्याच्या लॅपटॉपला ते आठवायला आम्हाला तीन दिवस लागले होते, ते दुकानदाराच्या पोराने स्वतःच्या ईमेलने उघडून दिलं होतं.

आणि कोणाकडे फॉरमॅट ऑलरेडी मारला गेला असेल तर जिथे आहात तिथे थांबा, त्यावर नवीन काही टाकू नका, जुन्या हार्डडिस्कवरून क्विक फॉरमॅटनंतरही बरंच परत येऊ शकतं, पण नवीन लिहिलं गेलं की ते खालचं कायमचं गेलं. एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवाली डिस्क) असेल तर आशा फारच कमी.

सेल बाजारातल्या घड्याळवाल्याकडे तीस रुपयाला मिळाला. बदलायला कॅबिनेट उघडलं तर आत पंख्याला, हीटसिंकला पांढरी मऊ लादी बसलेली. कापूस! भाव येईल भाव येईल म्हणून त्याच खोलीत दिवाळीपासून कापूस भरून ठेवलेला, त्याचे तंतू ओढून ओढून पंख्याने आत गादी भरली होती. ब्रशने आणि हवेच्या पंपाने साफ करताना दोघांनाही अंगभर खाज सुटली, आई म्हणाली आता हा डबा तरी फेका नाहीतर कापूस तरी विका.

चेकडिस्क नंतर निवांत चालवलं. आठ सेक्टरवाल्या डिस्कवर माझा भरवसा नाही, पुढच्या पगाराला एसएसडी घेणार आहे. नानांचं सगळं आता दोन ठिकाणी आहे, एक बाहेरची डिस्क माझ्या कपाटात आणि एक नाशिकला भावाकडे. तो फॉरमॅटवाला पोरगा परवा भेटला, त्याला सांगितलं तर म्हणाला, "असं पण असतं का भाऊ?" आणि वर्षभरात असे किती मारले ते मनात मोजत असावा, कारण बराच वेळ काही बोलला नाही. मग साटा मोड कुठल्या पानावर असतो ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

नानांनी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय, शाळेतल्या हजेरीपटासारखा आखलेला, 'सेल बदलला' आणि तारीख, खाली पुढच्या सात-आठ ओळी रिकाम्या. भिंतीवरचं बटण मात्र अजूनही रोज रात्री बंद होतं. त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय. कापूस अजून खोलीतच आहे.